सर्जनचा पेपर आणि रुग्णाचं दहावं वर्ष

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया पोट उघडून करावी की दुर्बिणीतून, या प्रश्नावर २०१८ पर्यंत भरपूर संशोधन-पेपर छापून आले होते. बहुतेकांचा सूर एकच होता. दुर्बिणीने रक्त कमी जातं, जखम लहान राहते, बाई लवकर घरी जाते आणि कर्करोगाच्या बाबतीतही काही बिघडत नाही. जवळजवळ सगळे पेपर जुन्या फायली काढून लिहिलेले होते. मग २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक चाचणी छापून आली. ६३१ स्त्रिया होत्या आणि कोणाची शस्त्रक्रिया कशी होणार हे चिठ्ठी टाकून ठरवावं तसं ठरलं होतं. दुर्बिणीच्या गटात कर्करोग २७ जणींमध्ये परत आला, पोट उघडलेल्या गटात ७ जणींमध्ये. मृत्यू १९ आणि ३. हे आकडे दिसू लागले तेव्हा चाचणीत नवीन रुग्ण घेणं मध्येच थांबवावं लागलं.

या चाचणीचे प्रमुख पेद्रो रामिरेझ स्वतः दुर्बिणीने शस्त्रक्रिया करणारे सर्जन. ज्या कामात आपला हात बसला आहे, जे आपण इतरांना शिकवतो, त्याच्याच विरुद्ध निकाल आला आणि तो त्यांनी जसाच्या तसा मांडला. जगभरच्या उपचारपद्धती त्यानंतर बदलल्या. आधीच्या ढीगभर पेपरांनी जे सांगितलं होतं, ते या एका पेपरपुढे टिकलं नाही.

पण ते आधीचे पेपर आजही त्यांच्या लेखकांच्या बायोडाटात आहेत. मोजणीत प्रत्येकाची किंमत एक. इथेच माझा आक्षेप आहे. कर्करोगाच्या सर्जनची नेमणूक असो, बढती असो की पुरस्कार, संशोधक म्हणून त्याची पत ठरवताना पेपर किती, सायटेशन (म्हणजे इतरांच्या पेपरांत झालेले उल्लेख) किती आणि एच-इंडेक्स किती हे तीन आकडे टेबलावर येतात. या आकड्यांनी जे काम वर येतं ते झटपट होणारं काम असतं. ज्या कामाने रुग्णाचा जीव वाचतो ते दहा-पंधरा वर्षं चालतं, आणि या मोजणीत ते मागे पडतं.

मी काही वर्षं एका रुग्णालयाच्या कर्करोग शस्त्रक्रिया विभागात नोंदी ठेवायचं काम केलं. आमच्याकडे एक जाड रजिस्टर होतं आणि त्याच्याच जोडीला संगणकावर तोच तक्ता. ऑपरेशनची तारीख, गाठीचा आकार, किती लिम्फ नोड (रोग ज्यांत पसरतो त्या लसिका-गाठी) काढले, त्यातले किती बाधित निघाले, आणि अगदी उजवीकडे शेवटचा रकाना: ‘शेवटचा संपर्क’. पहिले रकाने भरायला अडचण नसायची. ऑपरेशनची नोंद थिएटरमधून यायची, नोड पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवरून उतरवायचे. शेवटचा रकाना मात्र माणसाने फोन उचलून भरावा लागतो.

एकदा एका तरुण डॉक्टरांना अर्ज भरायच्या आत एक पेपर हवा होता. गेल्या पाच वर्षांतल्या केसेस काढून द्या म्हणाले. मी काढून दिल्या. बऱ्याच ओळींत शेवटचा संपर्क ऑपरेशननंतर सात-आठ महिन्यांचाच होता, पुढे कोरं. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे असे रुग्ण शेवटच्या भेटीपर्यंत ‘रोगमुक्त’ धरले गेले आणि तिथून पुढे गणतीतून बाहेर काढले गेले. ही रीत चालते, पण एका अटीवर: जे यायचे बंद झाले ते, जे येत राहिले त्यांच्यासारखेच असले पाहिजेत. कर्करोगात ही अट अनेकदा मोडते. रोग परत आलेला माणूस थकतो, खचतो, दुसरीकडे उपचार घेतो किंवा घरीच राहतो. म्हणजे आलेख नेमका तिथे चांगला दिसतो जिथे माहिती नाही. मला चैन पडेना, म्हणून मी कोऱ्या ओळींतले काही नंबर लावले. एका घरी मुलाने फोन उचलला. “आईला जाऊन दीड वर्ष झालं,” तो म्हणाला. थोडा थांबून त्याने विचारलं, “तुम्हाला कळलं नव्हतं का?” पेपर तोवर स्वीकारला गेला होता.

मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे ठेवलेली मोजपट्टीच तशी होती. दहा रुग्णांचा पाठपुरावा दहा वर्षं केला तर त्या मोजपट्टीवर शून्य. शंभर फायली एका महिन्यात चाळल्या तर एक.

हे आकडे कुठून आले हेही पाहायला हवं. या तिन्हींच्या जोडीला नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टरही पाहिला जातो. त्याची कल्पना यूजीन गारफील्ड यांची, आणि तिचा हेतू नियतकालिकांची निवड करणं हा होता, एखाद्या माणसाची पारख करणं हा नव्हता. एखाद्या नियतकालिकात मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला, एवढंच तो सांगतो. एच-इंडेक्स २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला: तुमच्या वीस पेपरांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झाला असेल तर तुमचा एच वीस. भौतिकशास्त्रात ते कितपत खरं उतरतं ते तिथल्यांनी सांगावं. शस्त्रक्रियेत मात्र काय होतं ते उघड आहे. कर्करोगाच्या क्षेत्रातल्या ‘सीए: अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स’ या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर २०२० साठी ५०० च्या वर गेला होता. कारण त्यात दरवर्षी कर्करोगाची आकडेवारी छापून येते आणि कर्करोगावर पेपर लिहिणारा जवळजवळ प्रत्येकजण पहिल्याच वाक्यात जगात किती रुग्ण आहेत हे सांगताना तिचा उल्लेख करतो. ती आकडेवारी फार मोलाची आहे, यात वाद नाही. पण उल्लेख किती झाला यावरून उपचार किती बदलला हे कळत नाही, एवढं या उदाहरणावरून दिसतं.

त्या दोन वर्षांच्या खिडकीसमोर सर्जनचं काम ठेवून पाहा. विल्यम हालस्टेड यांनी १८९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ५० शस्त्रक्रियांचा अहवाल छापला. संपूर्ण स्तन, खालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. पुढची जवळजवळ पाऊणशे वर्षं हीच पद्धत प्रमाण मानली गेली. बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये तिला चाचणीत आव्हान दिलं आणि १९७६ मध्ये दुसरी चाचणी सुरू केली, ज्यात फक्त गाठ काढून स्तन राखायचा होता. मिलानमध्ये उम्बेर्तो वेरोनेसी त्याच प्रश्नाच्या मागे १९७३ पासून होते. फिशर यांच्या पहिल्या चाचणीचे पंचवीस वर्षांचे निकाल आणि दोन्ही सर्जनांच्या स्तन राखण्याच्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. जगण्याच्या बाबतीत फरक नव्हता. म्हणजे कित्येक पिढ्यांतल्या स्त्रियांचे स्नायू आणि स्तन विनाकारण काढले गेले होते. हे सिद्ध व्हायला तीस वर्षं लागली, आणि तेवढा काळ कुणीतरी त्या स्त्रियांची विचारपूस करत राहिलं म्हणून ते सिद्ध होऊ शकलं.

फिशर यांच्या वाट्याला मधल्या काळात जे आलं तेही सांगायला हवं. मॉन्ट्रियलच्या एका सर्जनने चाचणीत रुग्ण बसवण्यासाठी नोंदींत फेरफार केल्याचं १९९४ मध्ये जाहीर झालं आणि त्याची झळ फिशर यांना लागली. त्यांना चाचणी समूहाच्या प्रमुखपदावरून दूर व्हावं लागलं. खोट्या नोंदी वगळून आकडे पुन्हा मोजले तरी निष्कर्ष तोच राहिला आणि १९९७ मध्ये फिशर निर्दोष ठरले. एका माणसाने तारीख बदलली की हजारो स्त्रियांचा विश्वास डळमळतो. म्हणूनच शेवटच्या रकान्याइतकंच पहिल्या रकान्यातल्या तारखेलाही मी जपत असे.

सर्वांत बोलकं उदाहरण मला नेदरलँड्सच्या जठराच्या कर्करोगाच्या चाचणीचं वाटतं. प्रश्न असा की जठर काढताना फक्त जवळच्या गाठी काढायच्या की लांबच्या रक्तवाहिन्यांभोवतीच्याही. जपानमधले सर्जन मोठी शस्त्रक्रिया करत आणि तिचे चांगले निकाल सांगत. डच सर्जनांनी १९८९ मध्ये चाचणी सुरू केली आणि ही पद्धत शिकवायला जपानी सर्जनना बोलावून घेतलं. १९९९ मध्ये निकाल आला: मोठ्या शस्त्रक्रियेत रुग्णालयातच दगावणारे १० टक्के, लहान शस्त्रक्रियेत ४ टक्के, आणि पाच वर्षांच्या जगण्यात फायदा नाही. तिथे फाइल बंद झाली असती तर? पण त्यांनी ती बंद केली नाही. २०१० मध्ये पंधरा वर्षांचा निकाल छापला गेला. जठराच्या कर्करोगानेच मरण पावलेल्यांचं प्रमाण लहान शस्त्रक्रियेत ४८ टक्के आणि मोठ्या शस्त्रक्रियेत ३७ टक्के. ऑपरेशनमधला धोका नंतरच्या तंत्राने कमी करता येऊ लागला होता, तेव्हा आता तोल मोठ्या शस्त्रक्रियेकडे झुकला. रुग्ण तेच, शस्त्रक्रिया त्याच, आणि दहा वर्षं आणखी थांबल्यावर उत्तर फिरलं. त्या दहा वर्षांत ज्यांनी त्या सातशेहून अधिक लोकांचा माग ठेवला त्यांच्या बायोडाटात त्या कामाची नोंद कुठल्या मथळ्याखाली होते?

सर्जनचं संशोधन सावकाश चालतं याला आणखी एक कारण आहे. नवीन औषधाच्या मागे बहुतेक वेळा कंपनी असते, तिचा पैसा असतो, तिचे समन्वयक असतात. ‘इतकं कापू नका’ हे सिद्ध करण्यात कुणाचाच माल विकला जात नाही. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या एक-दोन गाठी बाधित असल्या तरी सगळी काख साफ करायची गरज नाही, हे दाखवणारी अमेरिकेतली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. १९०० स्त्रिया घ्यायचं ठरलं होतं, रुग्ण मिळत नव्हते म्हणून ८९१ वरच ती थांबवावी लागली. तरीही तिने उपचार बदलला. काख साफ केल्यावर हात सुजून जड झालेली बाई ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला काख वाचवण्याचं मोल सांगावं लागत नाही. आणि अशा चाचणीत रुग्ण घ्यायचा म्हणजे सर्जनने रुग्णासमोर बसून म्हणायचं असतं, “दोन्हींतलं कुठलं चांगलं, हे आज मलाही ठाऊक नाही.” ज्याच्या हाती सुरी द्यायची त्याने असं बोलणं किती अवघड असेल. हे वाक्य म्हणणारे सर्जन मला फार मोठे वाटतात.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केलं. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असेल आणि मानेत गाठ हाताला लागत नसेल, तर मानेतल्या गाठी तेव्हाच काढायच्या की पुढे दिसल्या तर? जगभरच्या सर्जनांमध्ये यावर दशकानुदशकं दोन तट होते. २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं ५९६ रुग्ण घेतले गेले आणि २०१५ मध्ये पहिल्या ५०० जणांचा निकाल प्रसिद्ध झाला. आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. दहा वर्षांची मेहनत आणि एक पेपर. मोजणीत त्याचं वजन एकच, आणि तो वाचल्यावर कुठल्याही देशातल्या सर्जनने पुढच्या रुग्णाला दिलेला सल्ला वेगळा.

तरीही मी केवळ मोठ्या चाचण्यांचा आग्रह धरत नाही. बिल हील्ड यांनी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका जिल्हा रुग्णालयात, कुठल्याही मोठ्या संशोधन केंद्राबाहेर, गुदाशयाच्या कर्करोगात भोवतालच्या चरबीचं आवरण न फाटता अखंड काढायची पद्धत मांडली. १९८२ मध्ये त्यांनी ती लिहिली तेव्हा ती एका सर्जनच्या केसेसची मालिकाच होती. पण त्यांनी आपल्या रुग्णांचा माग सोडला नाही आणि नंतरची दशकं देशोदेशी जाऊन इतरांच्या थिएटरमध्ये उभं राहून हात धरून शिकवलं. ज्या रोगात त्याच जागी पुन्हा गाठ उगवणं ही रोजची भीती होती, तिथे ती भीती बरीच कमी झाली. नॉर्वे, स्वीडन, नेदरलँड्स इथले सर्जन जे शिकले, त्याचं सायटेशन कोण मोजणार? ते रुग्णाच्या पोटात, न फाटलेल्या आवरणात दिसतं. पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर तो काढलेला तुकडा ठेवला की पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरचटलेला, हे उघड्या डोळ्यांनी कळतं. ज्याला एका दृष्टिक्षेपात सर्जनचं काम पाहायचं असेल त्याने तिथे उभं राहावं.

तेव्हा मालिका लहान की मोठी, हा माझा मुद्दा नाही. नवी शस्त्रक्रिया टप्प्याटप्प्याने कशी तपासावी याची ‘आयडियल’ नावाची चौकट २००९ मध्ये मांडली गेली, आणि तिच्यात पहिल्या एका रुग्णाच्या नोंदीलाही जागा आहे, दीर्घकालीन नोंदवहीलाही. प्रश्न आहे तो माणूस त्या प्रश्नाबरोबर शेवटपर्यंत राहिला का, हा.

१९९६ मध्ये ‘द लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी शस्त्रक्रियेतल्या संशोधनाची तुलना विनोदी संगीतिकेशी केली होती. सर्जन मंडळींना ते फार लागलं. हॉर्टन यांनी शस्त्रक्रियेच्या नऊ नियतकालिकांचे अंक चाळले होते आणि जवळजवळ निम्मे लेख नुसत्या केसेसच्या मालिका निघाल्या होत्या. बोचऱ्या शब्दांबद्दल माझं मत वेगळं आहे, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पण त्यांनी केलेलं निदान बरोबर होतं. नंतरच्या काळात चाचण्या वाढल्या, हेही खरं. त्याच काळात मोठमोठे तयार डेटाबेस हाती आले आणि रुग्णाचं तोंड न पाहता चार आठवड्यांत पेपर उभा करणं पूर्वीपेक्षा सोपं झालं.

आकड्यांच्या बाजूने एक गोष्ट मी मनापासून मान्य करतो. आकडे नव्हते तेव्हा निवड वशिल्याने होत असे. ज्याचा गुरू समितीवर, त्याची बढती. एखाद्या बाहेरून आलेल्या, कुणाचाही हात पाठीवर नसलेल्या मुलीला ‘माझे इतके पेपर आहेत’ हे म्हणता येणं हा मोठा आधार होता. तो आधार काढून घेऊन सगळं पुन्हा ज्येष्ठांच्या मर्जीवर सोडलं तर ती मुलगी पहिली बाहेर फेकली जाईल. म्हणून मोजणी टाकून द्या असं मी म्हणत नाही. मोजायची वस्तू बदला.

२०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत संशोधक आणि संपादकांनी एक जाहीरनामा तयार केला. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची पारख करू नका, काम वाचा, असं त्यात आहे. पुष्कळ संस्थांनी त्यावर सह्या केल्या. निवडीच्या खोलीत मात्र बायोडाटाचं पान उलटून शेवटचा आकडा पाहणारी बोटं बदललेली नाहीत.

ती बदलायची असतील तर अर्जात पाचच पेपर मागवा. प्रत्येकाखाली चार ओळी: प्रश्न काय होता, उत्तर काय आलं, त्यानंतर तुमच्या विभागात कुठली गोष्ट करणं सुरू झालं किंवा बंद झालं. ‘बंद झालं’ हे मुद्दाम विचारा, कारण एखादी शस्त्रक्रिया थांबवणारा निकाल छापायला आणि पाळायला सर्वांत जास्त हिंमत लागते. लेखकांच्या रांगेत नाव असलं तर त्यात नेमकं काय केलं ते लिहायला लावा. विभागप्रमुख म्हणून आपोआप लागलेलं नाव आणि रात्री जागून तक्ता तपासलेलं नाव यांची किंमत एक असू नये. दुसऱ्याच्या चाचणीत रुग्ण घेणाऱ्या सर्जनला पूर्ण श्रेय द्या. मोठ्या चाचणीत दूरच्या रुग्णालयातला कुणीतरी वर्षाला सहा रुग्ण समजावून, सही घेऊन, पाठपुरावा करून देतो म्हणून ती उभी राहते, आणि पेपरवर त्याचं नाव अनेकदा शेवटच्या परिशिष्टात बारीक अक्षरात असतं.

आणि एक आकडा मात्र जरूर मागा: तुमच्या पेपरांमधल्या रुग्णांपैकी पाच वर्षांनी किती जणांची खबर तुमच्याकडे आहे? हा आकडा वशिल्याने वाढत नाही. तो तपासताही येतो, रजिस्टर उघडून कुठलीही दहा नावं काढली की झालं. तरुण सर्जनला पहिल्या दिवसापासून ठाऊक असलं की पुढे हा प्रश्न येणार आहे, तर तो नोंदी ठेवणाऱ्या माणसाची जागा मागेल, फोनचा खर्च मागेल, रुग्णाचे दोन नंबर लिहून घेईल. संस्थेलाही त्यासाठी पैसे बाजूला काढावे लागतील. कर्करोगाच्या संशोधनात कमतरता असेल ती या साध्या कामाची आहे.

आमच्या विभागात एक सर्जन होत्या. आठवड्यातली एक दुपार त्या माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसत आणि कोऱ्या ओळींतले नंबर स्वतः लावत. पलीकडच्या माणसाला आधी झोप लागते का, खाणं जातं का असं विचारत, मग तपासणीची तारीख. कुणी गेल्याचं कळलं की गप्प बसून राहत, नंतर मला सांगत, “लिही, तारीख विचारून घेतली आहे.” त्यांच्या नावावर एकोणीस पेपर होते. वरच्या जागेसाठी मुलाखत झाली तेव्हा ती जागा त्यांना मिळाली नाही, निवडलेल्या उमेदवाराच्या यादीत शंभराहून जास्त पेपर होते. दुसऱ्या आठवड्यात त्या नेहमीच्या वेळी आल्या, खुर्ची ओढली आणि विचारलं, “मागच्या वेळी कुठवर आलो होतो?”

मी ती नोकरी सोडली तेव्हा त्यांचे पहिले रुग्ण चौदाव्या वर्षात होते. त्या पानावर शेवटच्या रकान्यात एकही ओळ कोरी नव्हती.